दसऱ्याची बिदागी आणि कुंदगोळचा थांबा

सरस्वतीपुरम ही म्हैसूरमधली तशी शहाणी वस्ती. एका अंगाला कुक्करहळ्ळीचं तळं, पलीकडे मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर आणि मधे आखून काढलेले ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ रस्ते. प्राध्यापक, पेन्शनर आणि भाड्याच्या खोल्यांतले विद्यार्थी अशी इथली वस्ती. पहाटे तळ्याकाठी फेऱ्या मारणारी आणि रात्री वेळेत दिवे मालवणारी. दसरा जवळ आला की मात्र या शिस्तीला थोडी सुट्टी मिळते. मानसगंगोत्रीच्या खुल्या रंगमंचावर ‘युवा संभ्रम’ सुरू होतो. कर्नाटकभरातल्या कॉलेजांचे संघ उतरतात आणि एकामागून एक नाचून जातात. एका गटाचा ढोल डोळ्ळू कुणितात घुमत असतो, तोवर पुढचा गट मागे उभा राहून एकमेकांचे फेटे आवळत असतो. मग सिनेमाची गाणी, त्यांवर शिट्ट्या, आणि आपल्या कॉलेजचं नाव पुकारलं की बाकांवर चढून घातलेला धिंगाणा.

‘याला दसरा म्हणायचं का?’ असं विचारणारे जुने म्हैसूरकर दरवर्षी निघतात. त्यांचं दुखणं समजण्यासारखं असलं तरी इतिहास त्यांच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. बाहेरगावच्या माणसाने यावं, आपली पाळी धरून बसावं, हाती आलेल्या वेळात जे असेल ते दाखवावं आणि नाव कमावून परतावं, हे म्हैसूरच्या दसऱ्यात फार पूर्वीपासून चालत आलं आहे. पूर्वी ती पाळी राजवाड्यात लागायची आणि ती धरायला मिरज-धारवाडकडून गवई निघायचे. महाराष्ट्र ज्या ख्यालगायकीला आपली मानतो, तिच्या घडणीत या दसऱ्याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे त्याची नोंद फुटकळ आठवणींपलीकडे क्वचित होते.

विजयनगरच्या महानवमीचा वारसा उचलून राजा वडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला दसरा सुरू केला. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला, वडेयरांच्या बालराजाचं सिंहासन इंग्रजांनी पुन्हा मांडलं आणि राजधानी म्हैसूरला आली. १८०५ पासून दसऱ्यात खास दरबार भरू लागला. त्यात संस्थानातल्या मानकऱ्यांबरोबर युरोपियन पाहुण्यांनाही बोलावणं असे. दिवसा पूजा, संध्याकाळी सिंहासनारोहण, जेठींच्या कुस्त्या, वाद्यं, गाणं, नाच, आणि विजयादशमीला हत्तीवरून निघणारी जंबू सवारी असा हा थाट. या मिरवणुकीच्या वाटेवरच्या एका मोठ्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव आहे. दसरा बघायला गेलेल्या मराठी माणसाला ती पाटी वाचून बरं वाटतं.

रात्रीचा थाट दिव्यांवर तोललेला. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नाच्या वेळी जुना लाकडी राजवाडा जळाला. हेन्री आयर्विन याने आखलेला नवा वाडा १९१२ मध्ये पुरा झाला. खर्च साधारण ४१-४२ लाख रुपये. मधली वर्षं दरबार जगनमोहन राजवाड्यात भरत राहिला. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली होती, पण ती आधी गेली कोलारच्या सोन्याच्या खाणींना, मग १९०५ मध्ये बंगळूरला. खुद्द राजधानीला उजेड मिळाला १९०८ मध्ये. राजाच्या गावाने खाणीच्या मागे रांगेत उभं राहावं, यातच म्हैसूर संस्थानाचा हिशेबी स्वभाव दिसतो. हल्ली वाड्यावर जे सुमारे एक लाख दिवे लागतात, त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी दसरा पाहिला तो तेलाच्या आणि मशालींच्या उजेडात.

गवयांच्या दृष्टीने १८८० चं दशक निर्णायक ठरलं. १८८१ मध्ये इंग्रजांनी संस्थानाचा कारभार दहाव्या चामराजेंद्र वडेयरांच्या हाती परत दिला. हा राजा गाण्याचा दर्दी होता आणि स्वतः व्हायोलिन वाजवायचा. दसऱ्याच्या दिवसांत भरणारं प्रदर्शनही त्याच काळातलं, १८८० पासूनचं. त्याच सुमारास लोहमार्ग म्हैसूरला टेकला, आणि सदर्न मराठा रेल्वेने पुढच्या काही वर्षांत पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड आणि हुबळी ही गावं एका रुळावर आणून दक्षिणेशी जोडली. उत्तरेतून मुंबईला आलेल्या खाँसाहेबांना आणि मुंबई-पुण्याच्या गवयांना आता म्हैसूर बैलगाडीच्या टप्प्यांनी मोजावं लागत नव्हतं. दरबाराचं बोलावणं, ठरलेला मुहूर्त, शालजोडी, बिदागी, कधी सोन्याचा तोडा. एका हंगामात जमलं तर वर्षाची बेगमी.

आग्रा घराण्याचे नत्थन खाँ याच वाटेने आले आणि म्हैसूरचे दरबारी गवई झाले. त्यांचा अंतही म्हैसूरलाच झाला. पुण्या-मुंबईशी त्यांचा धागा जोडला तो शिष्याने. भास्करबुवा बखले बडोद्यात फैज महंमद खाँकडे शिकले होते. नत्थन खाँकडे आग्र्याची लय-बोलांची शिस्त त्यांनी घेतली आणि पुढे अल्लादिया खाँकडून जयपूरची. बालगंधर्वांच्या गळ्यातून जे नाट्यसंगीत महाराष्ट्राने ऐकलं, त्यात बुवांच्या तालमीचा वाटा सर्वज्ञात आहे. म्हैसूरच्या पदरी असलेल्या एका उस्तादाची विद्या अशी गंधर्व नाटक मंडळीच्या पडद्यामागे पोचली.

पण या रुळांवरची सगळ्यांत मोठी गोष्ट अब्दुल करीम खाँची. मूळ कैराण्याचे हे गृहस्थ बडोद्याहून निघाले ते अखेरीस मिरजेचे झाले. म्हैसूरच्या दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ म्हटलं. दसऱ्याच्या वाटेवर त्यांचे धारवाड-हुबळीकडे मुक्काम पडत. हुबळीच्या पुढच्या कुंदगोळात नाडगिरांचा वाडा होता. नाडगीर हे तिथले वतनदार. त्यांना गाण्याचं वेड होतं आणि वाड्यात जागा ऐसपैस होती. नाडगिरांकडे कारकुनी करणाऱ्या गृहस्थांचा मुलगा रामचंद्र, म्हणजे रामभाऊ, याच वाटेने खाँसाहेबांच्या हाती लागला. मराठी रंगभूमीने पुढे त्याला ‘सवाई गंधर्व’ केलं.

प्रवास दसऱ्याचा नसता, तर खाँसाहेब कुंदगोळला थांबले असते का? थांबलेही असते एखादे वेळी. पण शिष्य घडायला एका मुक्कामाने भागत नाही. दरवर्षी तीच वाट, तेच यजमान, तोच तंबोरा हवा, आणि तो नेम राजवाड्याच्या पंचांगाने लावून दिला. सवाई गंधर्वांनी नाटकाच्या फिरस्तीनंतर कुंदगोळलाच शिष्य घेतले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने तालमीला जात. तालीम संपली की परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर थांबणं आलंच. भीमसेन जोशी १९३० च्या दशकात तिथेच राहून शिकले. दरबाराला या दोघांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

दक्षिणेच्या फेऱ्यांनी खुद्द खाँसाहेबांचं गाणंही बदललं. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी ख्यालात मोकळेपणाने आणली, आणि त्यागराजांच्या खरहरप्रियेतल्या एका कृतीची तबकडीही गाऊन ठेवली. म्हैसूरला शेषण्णांसारखा वैणिक रोजच्या ऐकण्यात असे. कान उघडे ठेवणाऱ्या गवयाला आणखी काय लागतं? १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर ते गेले. तोही प्रवास दक्षिणेचाच. दफन मात्र मिरजेला झालं.

बडोद्याच्या फैयाज खाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी म्हैसूरच्याच दरबाराने दिली. कलकत्त्याच्या गौहरजानचं प्रकरण मात्र पदवीवर मिटणारं नव्हतं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गाऊन भारतभर घराघरांत पोचलेली ही बाई उतारवयात पैशाने आणि माणसांनी नागवली गेली. नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी १९२८ मध्ये तिला दरमहा ५०० रुपयांवर ठेवून घेतलं आणि राहायला बंगला दिला. ती १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरच्याच कृष्णराजेंद्र इस्पितळात वारली. जिच्या मैफलीसाठी श्रीमंत रांगा लावत, तिला शेवटी निवारा दिला तो एका सोवळ्या, ध्यानधारणेत रमणाऱ्या राजाने.

नाचाच्या बाबतीत म्हैसूरचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा आहे. १९०९ मध्ये संस्थानाने देवळांतली देवदासींची सेवा बंद केली. सुधारणा म्हणून ती योग्य होती, पण नाचून पोट भरणाऱ्या बायकांच्या हातचं काम त्यामुळे गेलं. देवळाचं दार लागलं तरी वाड्याचं उघडं राहिलं. राजवाड्यातल्या पैलवानाची मुलगी जट्टी तायम्मा (१८५७-१९४७) ही इथल्या अभिनयाची सम्राज्ञी. बसल्या जागी, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी एका ओळीचे कितीतरी अर्थ ती उलगडून दाखवी. बंजारा समाजातली वेंकटलक्ष्मम्मा लहानपणीच तिच्या घरी शिकायला आली आणि १९३९ मध्ये आस्थान विदुषी, म्हणजे दरबारी कलावंत, झाली. पुढे १९६५ मध्ये म्हैसूर विद्यापीठाने नृत्य शिकवायला सुरुवात केली तेव्हा तीच तिथे अध्यापनाला बसली. तायम्माच्या पिढीतल्या बायकांना ज्या कलेमुळे समाज नावं ठेवायचा, त्या कलेला विद्यापीठाने शिक्षकाची खुर्ची दिली. युवा संभ्रमात आज नाचणाऱ्या मुलींच्या मागे हाही एक रस्ता आहे, आणि तो सरळ नव्हता.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. १८८० च्या आगेमागे मराठी आणि पारशी नाटक कंपन्या म्हैसूरला येऊन गेल्या. रात्री पडदा उघडायचा आणि पहाटे पडायचा असे ते खेळ. ते पाहून राजाश्रयाने कन्नड नाटकमंडळी उभी राहिली, आणि बसवप्पा शास्त्र्यांनी तिच्यासाठी शाकुंतल कन्नडात आणलं. पुढे पुण्या-मुंबईचा सार्वजनिक गणपतीही दक्षिणेला उतरला. सरस्वतीपुरमपासून फार दूर नसलेल्या वोंटिकोप्पलच्या ‘एट्थ क्रॉस’वर १९६२ पासून गणेशोत्सवात रस्त्यावर मांडव घालून कर्नाटक संगीताच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, होतात. मोठमोठे विद्वान तिथे बसतात आणि रिक्षावालाही गाडी कडेला लावून एखादा राग ऐकून जातो. लोकमान्यांच्या उत्सवाला हे रूप पुण्यात तरी किती गल्ल्यांत मिळालं?

शेवटचे महाराज जयचामराजेंद्र कर्नाटक संगीतात कृती रचत आणि पाश्चात्त्य संगीतावर जीव टाकत. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर लंडनमध्ये हलाखीत होता, तेव्हा त्याच्या रचना तबकड्यांवर याव्यात म्हणून म्हैसूरच्या खजिन्यातून पैसा गेला. दसऱ्यात वाजणारा पॅलेस बँड या आवडीपुढे किरकोळच. पण खजिना आटत चालला होता. १९६९ नंतर सोन्याच्या अंबारीत राजा बसला नाही, १९७१ मध्ये तनखे गेले, आणि साडेसातशे किलोंच्या त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती बसू लागली. दसरा सरकारी ‘नाडहब्ब’, म्हणजे राज्याचा उत्सव, झाला. दरबाराच्या निमंत्रणाची जागा समितीच्या पत्राने घेतली, बिदागीची जागा मानधनाच्या धनादेशाने. वाड्यासमोर भव्य मंच बांधून गाणं आता सगळ्यांना खुलं असतं. पूर्वी ते काही शे लोकांनी ऐकलं, आता हजारो ऐकतात. राजा आडवा पडला की गाणं थांबणार, ही भीती गेली. पुढारी भाषणाला उठला की थांबणार, ही नवी आली.

रात्र मात्र आखूड झाली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकारने दिलीच तर वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत मुभा. म्हैसूरला ते जमवून घ्यावं लागलं तसं पुण्यालाही. भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पहाटेपर्यंत चालायचा. चहाचे थर्मास आणि घोंगड्या घेऊन आलेली कुटुंबं भैरवी ऐकूनच उठत. आता बहुतेक दिवशी दहाला आवरावं लागतं, एखाद्या दिवशी बाराला. भिंतींच्या आत मात्र हा नियम एवढा आड येत नाही. सवाई गंधर्वांच्या स्मृतीची रात्रभराची मैफल ऐकायची असेल तर हुबळीला उतरून वीसेक किलोमीटरवरच्या कुंदगोळला जावं, नाडगीर वाड्यात.