धाग्यानुसार बदलणारे कृत्रिम रंग
विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये लंडनमध्ये 'मॉव्ह' हा जांभळा रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. मात्र, प्रत्येक धाग्याचा रंग वेगळा असतो. लोकर, रेशीम व नायलॉनसाठी अॅसिड, तर अॅक्रिलिकसाठी बेसिक रंग वापरतात. पॉलिएस्टरवर डिस्पर्स रंग सुमारे १३० अंश सेल्सिअसला, दाबाखाली चढवितात. सुती कापडासाठी डायरेक्ट, व्हॅट आणि रिअॅक्टिव्ह रंग आहेत. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिअॅक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधाने जोडले जात असल्याने धुण्यात टिकतात. परंतु त्यांचा काही अंश पाण्याशीच संयोग पावून सांडपाण्यात उतरतो. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत ते प्रक्रियेविना सोडल्यास पंचगंगा प्रदूषित होते.