किलकेनीची दुसरी पायरी



आयर्लंडात नवीन आलेल्या आपल्या माणसाला पहिल्या महिन्यात पाऊस कळतो आणि पहिल्या उन्हाळ्यात हर्लिंग. ऑफिसात एरवी हळू आवाजात बोलणारा माणूस सोमवारी घसा बसवून आला की समजायचं, काल मॅच होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला 15 खेळाडू, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश लाकडाची चपट्या टोकाची काठी, आणि क्रिकेटच्या बॉलएवढा चामड्याचा चेंडू. गोल केला तर 3 गुण, आडव्या दांडीवरून मारला तर 1. हॉकी, क्रिकेट आणि आपला विटी-दांडू एकत्र करून त्याला घाई लावून दिली तर कसं दिसेल, तसं काहीसं.

टीव्हीवर दिसतं ते काउंटीचं हर्लिंग. त्यात किलकेनी म्हणजे आपल्या रणजीतली मुंबई. 2006 ते 2015 या 10 वर्षांत ब्रायन कोडीच्या हाताखाली त्यांनी 8 वेळा ऑल-आयर्लंड जिंकलं. पण मला जास्त ओढ लागली ती त्याच काउंटीतल्या क्लबांच्या दुसऱ्या पायरीची, म्हणजे इंटरमिजिएट चॅम्पियनशिपची.

आधी थोडा इतिहास. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि मंडळींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. देशावर तेव्हा ब्रिटिश राज्य होतं. आपले खेळ, आपली ओळख असा तो सगळा विचार. आपल्याकडे टिळकांनी उत्सव सार्वजनिक केले ते याच्या 10 वर्षं नंतर. 1887 साली पहिली ऑल-आयर्लंड स्पर्धा झाली, तेव्हा काउंटीचा निवडलेला संघ नव्हताच. काउंटी जिंकलेला क्लबच तिच्या नावाने उतरायचा. म्हणजे क्लब आधी, काउंटी नंतर.

आणि क्लब म्हणजे गाव. नेमकं सांगायचं तर पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. किलकेनीत तुम्ही ज्या पॅरिशचे, त्याच क्लबकडून खेळायचं. पगार नाही, लिलाव नाही. शेजारच्या गावातला चांगला गोलकीपर आवडला म्हणून आणता येत नाही. गावात त्या 10-15 वर्षांत जी पोरं जन्मली, त्यांचाच संघ. त्यामुळे गावात पोरं कमी झाली, की ते आज ना उद्या गुणतक्त्यात दिसतंच.

म्हणून ही उतरंड लागते. किलकेनीत वरच्या सीनियर गटात 12 क्लब, इंटरमिजिएटमध्ये 12, आणि त्याखाली ज्युनियर. इंटरमिजिएट जिंकणारा एक वर जातो, सीनियरमधला एक खाली येतो. दरवर्षी एकच दार उघडतं, म्हणून तिथली फायनल जीव काढते.

या दाराने वर जाऊन काय होतं त्याचं उदाहरण बॅलीहेल शॅमरॉक्स. हा क्लब 1972 साली एकाच पॅरिशमधले छोटे क्लब एकत्र करून उभा राहिला. 1974 ला इंटरमिजिएट जिंकले, 1978 ला सीनियर आणि 1981 ला थेट ऑल-आयर्लंड क्लब विजेते. फेनेली घराण्यातले 7 सख्खे भाऊ या क्लबकडून खेळले. पुढे हेन्री शेफलिन इथलाच. 2023 पर्यंत त्यांनी 9 ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपदं मिळवली, दुसऱ्या कुठल्याही क्लबाहून जास्त.

उलटी गोष्ट बेनेट्सब्रिजची. नोर नदीकाठचं छोटं गाव. 1952 ते 1971 या 20 वर्षांत यांनी किलकेनीची सीनियर स्पर्धा 11 वेळा जिंकली! 9 ऑल-आयर्लंड पदकं मिळवणारा गोलकीपर नोएल स्कीहन याच गावचा. आणि 1971 नंतर? एकही नाही. घसरत घसरत क्लब थेट ज्युनियरला पोचला. ज्या गावात आजोबांच्या कपाटात पदकं, तिथे नातू तिसऱ्या पायरीवर.

पण क्लब बंद पडला नाही. 2014 ला ते किलकेनीचं ज्युनियर जिंकले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड ज्युनियर फायनल. समोर कोण, तर फुलन गेल्स, मँचेस्टरचा क्लब! आयर्लंड सोडून गेलेल्यांनी इंग्लंडात रुजवलेल्या हर्लिंगचा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला गाव सोडलेले. बेनेट्सब्रिज जिंकलं. त्याच वर्षी त्यांनी किलकेनीचं इंटरमिजिएट घेतलं, फेब्रुवारी 2016 मध्ये वॉटरफर्डच्या अ‍ॅबीसाइडला हरवून ऑल-आयर्लंड इंटरमिजिएटही घेतलं, आणि पुन्हा सीनियरमध्ये दाखल झाले. लागोपाठ दोन वर्षांत दोन पायऱ्या.

मला खरं सांगायचं तर ही फायनल वाचताना मी मनातून मँचेस्टरवाल्यांच्या बाजूने होतो. साहजिक आहे, आपण सगळे त्याच टीममधले! सांगलीजवळच्या आमच्या गावात कबड्डीचा संघ होता. शाळेच्या मैदानावर माती चाळून ग्राउंड करायचे. मग एकेक जण इंजिनियरिंगला, एकेक जण पुण्याला, आणि मी तर इथेच येऊन पोचलो. संघ कोणी मोडला नाही, फक्त एका वर्षी 7 जण जमले नाहीत. त्या वर्षी न आलेल्यांपैकी एक मी.

आता माझा मुलगा इथल्या क्लबात शनिवारी सकाळी हेल्मेट घालून काठी फिरवतो. परवा घरी येऊन विचारतो, "बाबा, आपली पॅरिश कुठली?" मी आधी गावाचं नाव सांगितलं, मग इथल्या क्लबाचं. त्याला दुसरं उत्तर पटलं.

असो. किलकेनीच्या बाजूला आलात तर सीनियरच्या तिकिटामागे धावू नका, इंटरमिजिएटची मॅच बघा. आणि तुमच्या गावच्या संघाचं पुढे काय झालं, तेही जरूर लिहा.

चू. भू. द्या. घ्या.