हरिहरचा लेथ

आपली शाळा ज्या पट्ट्यात आहे, तो पट्टा लेथवर उभा राहिला. ‘बाबा कंपनीत आहेत’ एवढंच आपण तेव्हा सांगायचो; पण वर्गातल्या कितीतरी जणांचे बाबा टर्नर नाहीतर फिटर होते. त्यांच्या यंत्राचा हा थोडक्यात इतिहास.

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्सलेने आटे पाडणारा लेथ बनवला. टूल हातात न धरता पक्कं बसवायचं आणि लीड स्क्रूने पुढे सरकवायचं. त्यामुळे एकसारखे आटे पुन्हापुन्हा पाडता येऊ लागले.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर तिथलेच. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रं मिळणं अवघड झालं. १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली आणि तिथे लेथ बनू लागले.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को आली. या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप भोसरी-चिंचवडला गल्लोगल्ली निघाली. पुढे सीएनसी आलं आणि जुने लेथ किलोच्या भावाने भंगारात जाऊ लागले.

असाच एक हरिहरचा लेथ मी भोसरीहून हिंजवडीला आणला. दिवसभर आयटी पार्कात कोड लिहायचा आणि रात्री तळमजल्यावरच्या आठ बाय दहाच्या खोलीत गंज काढायचा. टेलस्टॉक पूर्ण मागे घ्यायचा तर आधी दार उघडावं लागतं! चेंज गिअर लावताना मात्र मला घरच्यासारखं वाटलं. सहा मिलिमीटर पिचच्या लीड स्क्रूवर दीड मिलिमीटरचे आटे हवेत? वीस दात्यांच्या गिअरने ऐंशी दात्यांचा फिरवा. हाही प्रोग्रॅमच, फक्त लोखंडात लिहिलेला.

बेडचं काम वेगळं. चकजवळ सगळ्यात जास्त काम होतं, म्हणून बेड तिथेच झिजतो आणि जॉब निमुळता निघतो. सपाट पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर घासायची, रंग लागेल तो उंचवटा स्क्रॅपरने खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा. असं शेकडो वेळा. हे मला आपल्याच एका वर्गमैत्रिणीच्या वडिलांनी शिकवलं. काका निवृत्त फिटर. हात आता थरथरतो, पण नुसतं बोट फिरवून म्हणतात, “इथे अजून आहे बघ.” पट्टी लावली की डाग नेमका तिथेच उमटतो.

नवा लेथ विकत मिळेल, ते बोट मिळणार नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. घरात बाबांची गिअरच्या हिशोबाची वही असेल, जुना मायक्रोमीटर असेल, तर रद्दी-भंगारात देऊ नका. बाबांना शेजारी बसवून विचारा, हे कसं वापरायचं. त्यांना सांगायला आवडेल, आणि आपल्याला विचारायला अजून वेळ आहे.