जगदीश्वराची पायरी

दुर्गराज रायगडावर वर्षातून तीन दिवशी मोठा जनसमुदाय लोटतो. चैत्र पौर्णिमेस छत्रपती शिवाजी महाराजांची पुण्यतिथी असते, तर ६ जून या तारखेस आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या तिथीस राज्याभिषेकाचा सोहळा होतो. त्यासाठी निमंत्रण लागत नाही. श्रद्धा असेल त्याने गड चढावा.

इ. स. १६७४ साली याच गडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. गडाचे बांधकाम हिरोजी इंदुलकर यांनी केले. श्रीजगदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील संस्कृत शिलालेखात ही वास्तू चंद्रसूर्य असेतोवर नांदो, अशी प्रार्थना आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी वाडे जळाले. मंदिर मात्र उभे राहिले. एवढा गड बांधणाऱ्या हिरोजींनी आपले नाव कळसावर नव्हे, तर मंदिराच्या पायरीवर कोरविले. भक्तांची पायधूळ आजही त्या नावास लागते.

गावोगावच्या देवळांच्या जीर्णोद्धारास हातभार लावणाऱ्या ग्रामस्थांनी व देणगीदारांनी एकदा तरी त्या पायरीचे दर्शन घ्यावे. आणि गावच्या देवळातील जुना कोरीव दगड रंगाखाली वा सिमेंटखाली जाऊ देऊ नये. पूर्वजांची सेवा पुढील पिढीस तोच दगड सांगेल.