शालेय ग्रंथपाल (वर्धा जिल्हा)
शाळेतील ग्रंथांची निवड, वर्गीकरण व देवघेव पाहणारा कर्मचारी. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. तीत शिक्षणाचे केंद्र हस्तोद्योग होते, ग्रंथ नव्हे. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३, अध्यक्ष लक्ष्मणस्वामी मुदलियार) मात्र शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा व त्याचा दर्जा ज्येष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा असावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तो शिक्षकेतर कर्मचाऱ्यांतच गणला गेला. या उणिवेपेक्षाही त्याचे एकाकीपण अधिक जाचक म्हणावे लागेल. शिक्षकाला आपली अडचण सहकाऱ्यास विचारता येते. ग्रंथपाल शाळेत बहुधा एकटाच असतो. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील शाळेत एखाद्या पुस्तकाचा दशांश वर्गांक ठरविताना शंका आली, तर दुसऱ्या शाळेतील समव्यवसायी हाच आधार. जिल्हा पातळीवरील ग्रंथालय संघ व ग्रंथपालन प्रमाणपत्र वर्ग यांतून जुळलेल्या ओळखींचे मोल यामुळेच मोठे आहे. तथापि हे संघ प्रामुख्याने १९६७ च्या अधिनियमाखालील सार्वजनिक ग्रंथालयांचे होत. शालेय ग्रंथालये त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असून शालेय शिक्षण विभागाकडे येतात.