यूकाभर फट

फणीला दोन बाजू असतात. एका बाजूचे दात जाड नि विरळ, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूचे इतके दाट, की उजेडाकडे धरल्याशिवाय त्यांच्यामधली फट दिसत नाही. भांग कंगव्याने पाडायचा आणि उवा फणीने काढायच्या, ही वाटणी मराठी घरात कुणाला शिकवावी लागत नाही. संध्याकाळच्या बोरिवली स्लो लोकलला लेडीज डब्यात क्लिपा, टिकल्या, रबरबँड घेऊन जी विक्रेती चढते, तिच्या मालात तळाशी दोन-चार फण्या असतात. कानातली घेताना बायका शेजारणीला विचारतात, "बरी दिसतात का गं?" फणी घेताना कुणी कुणाला काही विचारत नाही. नोट पुढे होते, फणी पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते आणि बाई खिडकीबाहेर बघू लागते. मुलगी शाळेतून उवा घेऊन आली, हे डब्यातल्या ओळखीच्या बायकांना कळायला नको असतं. खरं तर त्यातल्या निम्म्या जणींच्या घरी तीच फणी असणार.

ही लाज कधीपासूनची ते सांगता येणार नाही, पण फणी मात्र फार जुनी आहे. इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली. काडेपेटीपेक्षा लहान, दात सगळे तुटलेले. पण बुडख्यांवरून मोजता येतं की एका बाजूला सहा जाड दात होते आणि दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. आपल्या फणीचाच आराखडा. ती तशीच पेटीत पडून होती. २०२१च्या अखेरीस तिचा फोटो मोठा करून बघताना तिच्या अंगावर कोरलेली अक्षरं दिसली. सतरा अक्षरं, सात शब्द, काळ इसवी सनापूर्वी १७०० च्या आसपास. कनानी लिपीतलं हे आजवर वाचता आलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य. त्यात राजाचं नाव नाही की देवाची स्तुती नाही. या सुळ्याने केसांतल्या नि दाढीतल्या उवा उपटून निघोत, एवढीच मागणी आहे. दाढीचा उल्लेख बघता फणी पुरुषाची असावी. तिच्या एका दाताच्या बुडाशी ऊच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले, म्हणजे मागणी थोडी तरी फळाला आली होती.

आपल्याकडे मोहेंजोदडो, हडप्पा इथे हस्तिदंती फण्या मिळाल्या आहेत. पण मला जास्त मजा वाटते ती कौटिल्याची. अर्थशास्त्रात लांबीची मापं देताना तो परमाणूपासून सुरुवात करतो आणि वाटेत लिक्षा नि यूका लागतात: आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव, आठ यवांचं एक अंगुल. म्हणजे लीख आणि ऊ ही राज्यमान्य मापं होती. जमीन, रस्ते, तटबंदी मोजणाऱ्या माणसाला सर्वांना ठाऊक असलेली सर्वांत बारीक वस्तू हवी होती आणि ती प्रत्येकाच्या डोक्यात हजर होती. अंगुल साधारण १९ मिलिमीटर धरलं तर यूका भरते ०.३ मिलिमीटर. खरी मोठी ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते, तेव्हा जिवंत ऊ म्हणून हे माप चुकलेलंच. मात्र चांगल्या फणीच्या दोन दातांमधली फट नेमकी एवढीच लागते. लिखेची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर. फट त्याहून रुंद झाली की लीख केसाला चिकटून तशीच मागे राहते.

ही यूकाभर फट धरून ठेवणं, एवढंच फणीचं काम, आणि तिच्या जातीची सगळी कुळकथा या फटीभोवती फिरते.

साध्या लाकडाचे दात एवढे बारीक कापायला गेलं की ते रेषेवर उकलतात. शिंगाचे पापुद्रे सुटतात. हस्तिदंत घट्ट आणि एकजीव असल्यामुळे पातळ पत्र्याच्या करवतीने त्याला दाट दात पाडता येतात आणि ते वर्षानुवर्षं वाकत नाहीत. त्यामुळे बारीक फणीला हस्तिदंत वापरलं जाई, यामागे श्रीमंतीपेक्षा कारागिरीचा हिशेब मोठा होता. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला पुण्याचा खंड उघडला, तर तांबट, रेशीमवाले, बांगडीवाले यांच्या रांगेत हस्तिदंती फण्या करणाऱ्यांचा धंदाही नोंदलेला आहे. गरिबाघरी अर्थात लाकडी फणीच.

फणीचं घरातलं स्थानही तेव्हा वेगळं होतं. लग्नात, हरतालिकेच्या वाणात, देवीच्या ओटीत फणी-करंडा जोडीने जातो. करंड्यात कुंकू, शेजारी फणी, आरसा, काळी पोत, हिरव्या बांगड्या. उवा काढायचं हत्यार सौभाग्याच्या ताटात बसलं, याचं मला नवल वाटत नाही. ज्या बाईला केस होते तिलाच फणी होती. ज्या जातींत विधवेचं केशवपन होई, तिथे न्हावी येऊन गेला की करंड्याबरोबर फणीही तिच्या वाट्यातून गेली. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार देऊन संप केला. फणीच्या इतिहासात त्या संपाला जागा द्यायला हवी.

आज वाणाच्या तयार पाकिटात जी फणी मिळते, ती बोटभर लांबीची, बाहुलीला शोभणारी प्लास्टिकची असते. विधी पार पडतो, ऊ मात्र निघत नाही.

हस्तिदंताचा शेवट कायद्याने झाला. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंतावरही बंदी आली. फणी त्याच्या कितीतरी आधी प्लास्टिकची झाली होती. साच्यातून एका दाबात डझनावारी निघू लागली, फेरीवाल्याच्या हुकाला लटकली, घरोघर गेली. स्वस्ताईचं मोल फटीने मोजलं. साच्यातला प्लास्टिकचा दात लवचीक असतो. दाट केसांतून ओढताना दोन दात किंचित फाकतात आणि लीख त्यातून सुखरूप निसटते. आईला वाटतं, आपण पाऊण तास खपलो, आता डोकं स्वच्छ. आठवड्याने पोरगी परत कानामागे खाजवू लागते आणि दोष शाळेला, रिक्षातल्या शेजारच्या मुलीला, नाहीतर मामेबहिणीला जातो.

फणी अशी कमजोर झाली तसा औषधांचा मान वाढला. तसा तो आधीही होताच, पण दुय्यम. चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, अंगावरच्या बाहेरच्या कृमींमध्ये यूका आहेत. एकूण कृमींवर पहिला उपाय सांगितला आहे अपकर्षण, म्हणजे हाताने किंवा साधनाने ओढून बाहेर काढणं. बाकी सगळं त्यानंतर. आपल्या आज्यांचा क्रमही बराचसा तोच. वेखंडाची पूड, कडुनिंबाचं तेल, कापूर घातलेलं खोबरेल हे रात्रीचे उपचार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या कपड्यावर फणी. सीताफळाच्या बियांचं वाटण हाही आजीच्या बटव्यातला मानाचा उपाय. गंमत अशी, की सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं मानलं जातं. पोर्तुगीजांच्या काळात ते इथे रुळलं, म्हणजे हा परंपरागत उपाय परंपरेत तसा उशिराच दाखल झाला. त्या बिया ऊला खरंच मारतात. पण तेच वाटण ओघळून डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, आणि भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. मुलांच्या डोक्याला ते लावूच नये. रॉकेलबद्दल तर बोलायलाच नको. रेशनचं रॉकेल गेलं त्याबरोबर एक घातक घरगुती उपायही गेला, हे बरंच झालं.

मग पावडरींचा काळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ च्या हिवाळ्यात, नेपल्स शहरात टायफसची साथ आली, तेव्हा लाखो लोकांच्या कपड्यांत डीडीटी फवारून ती आटोक्यात आणली गेली. टायफस पसरवते ती कपड्यांतली ऊ; डोक्यातली ऊ तो रोग पसरवत नाही. हा फरक कोण ऐकणार? पुढची काही दशकं पांढरी पावडर पोरांच्या डोक्यांतही गेली, फडकं बांधून रात्रभर ठेवली गेली. त्यानंतर सुगंधी बाटल्या आल्या. मेडिकर हे त्यातलं घराघरातलं नाव. १९९९ मध्ये ते मॅरिको कंपनीने प्रॉक्टर अँड गॅम्बलकडून घेतलं. बाटलीचा फायदा उघड होता. मुलुंडहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्या बाईकडे दुपारचा पाऊण तास उरला नव्हता, आणि बाटलीचं काम रविवारच्या न्हाण्यात उरकत होतं.

पण जगात ठिकठिकाणी उवा या औषधांना सरावल्या. पर्मेथ्रिनसारख्या औषधाला दाद न देणाऱ्या उवांचे जनुकीय बदल ओळखता येऊ लागले, आणि संशोधकांनी पुन्हा फणीकडे मोर्चा वळवला. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत फणी हरली होती: मॅलॅथिऑन लोशनने ७८ टक्के मुलं बरी झाली, ओले केस विंचरून ३८ टक्के. पाच वर्षांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पारडं फिरलं. केसांना कंडिशनर लावून नव्या बांधणीच्या फणीने ५७ टक्के, दुकानी औषधांनी १३. दोन्ही चाचण्या ब्रिटनमधल्या आणि दोन्ही लहान. त्यावरून फणीचा विजयोत्सव करू नये. मला त्यातून एवढंच दिसतं, की फणी कुठली आणि किती वेळा, यावर निकाल फिरतो.

किती वेळा, याचं उत्तर ऊच्या आयुष्यात आहे. लीख फुटायला सात ते दहा दिवस, पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी नऊ ते बारा. म्हणजे आज एकही जिवंत ऊ राहिली नाही, तरी लिखा फुटून नवी फौज येणार. ती अंडी घालायच्या आत पकडायची. म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, मधे न चुकता. रात्री जेवणं झाल्यावर, केस ओले, कंडिशनर भरपूर. तो लावला की उवांना चटकन पळता येत नाही. केसांचे चार भाग करून क्लिपा लावायच्या, टाळूपासून टोकापर्यंत फणी ओढायची, प्रत्येक वेळी पांढऱ्या टिशूवर पुसून बघायची. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ. फणी आता स्टीलची घ्यावी. लांब, गोल, न वाकणाऱ्या दातांची; मेडिकलवाल्याकडे किंवा ऑनलाइन मिळते, प्लास्टिकपेक्षा बरीच महाग. हस्तिदंतानंतर हरवलेली यूकाभर फट तिने परत आणली.

टाळूपासून बोटभर लांब गेलेल्या पांढऱ्या लिखा दिसल्या तर घाबरू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा ती बहुधा फुटून गेलेली रिकामी टरफलं असतात. गाद्या-उश्या धूत बसायचीही गरज नाही. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. ती उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि डोकं धुतलेलं असो वा नसो, तिला चालतं. अंधेरी-घाटकोपरच्या शाळांच्या रिक्षांत एका सीटवर चार-चार पोरी बसतात, तिथे तिला दुसरं काय हवं?

पहिल्या रात्री मात्र घरातली सगळी डोकी बघायची. पोरीची, तिच्या धाकट्या भावाची, तिला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आजीची, आईची. आणि बाबांचीही, ते कितीही सांगोत, "माझ्या डोक्यात कुठून येणार, केस तरी आहेत का?"