नेरळ–माथेरान लघुरेल्वे
रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील पर्यटन गिरिरेल्वे. लांबी सु. २१ किमी. व रुळांतील अंतर ६१० मिमी. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती बांधवली. १९०७ मध्ये ती सुरू झाली.

चढ काही ठिकाणी वीसास एक इतका तीव्र व वळणे अतिशय आवळ असल्याने नेहमीचे इंजिन येथे चालण्याजोगे नव्हते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीच्या वाफेच्या इंजिनांना क्लीन–लिंडनर पद्धतीचे पोकळ आस बसवले गेले. पुढची व मागची चाके त्यामुळे बाजूला सरकून वळण घेत. पुढे डिझेल इंजिने आली. वॉटरपाइप हे वाटेवरच्या स्थानकाचे नाव मात्र वाफेच्या काळाची आठवण देत टिकले.

ब्रेकची व्यवस्था दीर्घकाळ जुनीच राहिली. डब्याडब्यावर ब्रेकमन बसे आणि चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळी किंवा सोडी. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद झाली. त्यानंतर हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. ही सुधारणा फार उशिरा झाली, असेच म्हणावे लागते.

पावसापुढे यंत्रसामग्रीचा इलाज चालत नाही. २००५ व २०१९ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. दुसऱ्या वेळी दुरुस्ती होऊन संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही. वाटेवरच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत एवढीच फेरी चालते.